बारदान धरायचं की वजा करायचं? न्यू मेक्सिकोतल्या एका परवाना-बदलाचं प्रकरण

कांद्याची गोणी काट्यावर चढते, मापाडी वजन पुकारतो आणि पट्टीवर आकडा लिहिताना त्यातून बारदान वजा होतं. मी नववी-दहावीत असताना वडिलांबरोबर मार्केट यार्डात जायचो. एका पावसाळी सकाळी गोण्या भिजल्या होत्या आणि आडत्याच्या माणसानं मध्येच गोणीमागे नेहमीपेक्षा जास्त बारदान धरायला सुरुवात केली. भावावर वाद नव्हता, काट्यावरही नव्हता. वाद एवढाच, की माल कुठे संपतो आणि गोणी कुठे सुरू होते. वडील चिडले नाहीत, पण हटलेही नाहीत. "निम्म्या गोण्या जुन्या हिशोबानं मोजल्यात. उरलेल्याही तशाच मोजा, नाहीतर पहिल्यापासून मोजा," एवढंच ते म्हणत राहिले.

पुढे माझं पोट घातक कचऱ्याच्या परवानग्यांच्या कागदांवर चालू लागलं. संमतीपत्रं, त्यातले फेरफार, जनसुनावणीची इतिवृत्तं, हरकती आणि त्यांवरची उत्तरं. या कामात मी ज्या प्रकरणाकडे वारंवार वळतो ते अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं आहे. २०१८ साली तिथे जमिनीखालच्या कचरा-साठवणीच्या परवान्यात एक बदल मागितला गेला. नवा खड्डा नको होता, नवं यंत्र नको होतं, नव्या प्रकारचा कचराही नको होता. मागणी एवढीच होती, की कचरा मोजताना बारदान वजा करू द्या. त्या एका मागणीसाठी चार महिन्यांची छाननी, तीन दिवसांची जनसुनावणी आणि पुढे न्यायालयापर्यंतचा प्रवास झाला. तो सगळा आवश्यक होता असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

मिठातली जागा

कार्ल्सबाड हे न्यू मेक्सिकोच्या आग्नेय कोपऱ्यातलं गाव. तिथून पूर्वेला सुमारे ४२ किलोमीटरवर, जमिनीखाली २,१५० फुटांवर, म्हणजे साधारण ६५५ मीटर खोल, मिठाच्या थरात खोदलेली दालनं आहेत. हे मीठ सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं. जागेचं नाव वेस्ट आयसोलेशन पायलट प्लँट. सगळे तिला 'विप' म्हणतात. अमेरिकेच्या अण्वस्त्रनिर्मितीतून निघालेला एक विशिष्ट कचरा इथे कायमचा पुरला जातो. प्लुटोनियम, अमेरिसियम अशा, युरेनियमच्या पलीकडच्या मूलद्रव्यांनी बाधित झालेले हातमोजे, कपडे, हत्यारं, चिंध्या, गाळ, माती.

मीठ निवडण्यामागे साधा विचार होता. मिठाचा थर इतकी कोटी वर्षं टिकलाय याचा अर्थ तिथे वाहतं पाणी पोचलेलं नाही. शिवाय दाबाखाली मीठ सरकतं. खोदलेलं दालन वर्षागणिक आक्रसत जातं, छत खाली येतं, भिंती आत येतात, आणि शेवटी मीठ पिंपांभोवती मिटून जातं. एका दालनाची लांबी ३०० फूट, रुंदी ३३ फूट, उंची १३ फूट. अशी सात दालनं मिळून एक पॅनेल. पिंपांची थप्पी लावायची आणि वर मॅग्नेशियम ऑक्साइडची पोती ठेवायची, म्हणजे पुढे कचरा कुजून कार्बन डायऑक्साइड निघालाच तर ते शोषलं जाईल.

ही जागा न्यू मेक्सिकोच्या गळ्यात पडली ती अटींसह. १९७० च्या दशकात कार्ल्सबाडच्या पोटॅश खाणी उतरणीला लागल्या होत्या आणि गावातल्या पुढाऱ्यांनी हा प्रकल्प स्वतःहून मागितला होता. पण राज्याच्या उत्तर भागात, सांता फे आणि अल्बुकर्कीत, विरोध पक्का होता. बरीच वर्षं वाटाघाटी, खटले आणि करार झाले, आणि १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, कायदा केला. त्यात तीन गोष्टी ठाम होत्या. अणुभट्टीतलं वापरलेलं इंधन इथे येणार नाही. अति-किरणोत्सारी कचरा इथे येणार नाही. आणि या जागेची एकूण क्षमता ६२ लाख घनफूट, म्हणजे १,७५,५६४ घनमीटर, एवढीच राहील.

तिसरी अट लक्षात ठेवा. सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. कायद्याच्या त्या वाक्यात म्हटलंय, की क्षमता इतके घनफूट 'कचरा' अशी असेल. पिंप धरून की पिंप वगळून, हे कायद्यानं सांगितलेलं नाही. कायदा लिहिणाऱ्यांना तेव्हा तो प्रश्नच पडला नसावा. पिंपात कचरा, पिंप दालनात, सरळ गोष्ट होती.

राज्याच्या हाती काय होतं हेही समजून घ्यायला हवं. अणुकचऱ्याच्या किरणोत्सारावर राज्य सरकारचा अधिकार नाही, तो केंद्राचा. पण यातला बराचसा कचरा 'मिश्र' आहे: किरणोत्सारी द्रव्याबरोबर त्यात शिसं असतं, विद्रावकं असतात, घातक रसायनं असतात. घातक कचऱ्याचा १९७६ चा केंद्रीय कायदा राबवण्याचा अधिकार न्यू मेक्सिकोच्या पर्यावरण खात्याकडे सोपवलेला आहे. म्हणून विपला राज्याचा घातक-कचरा परवाना लागतो. पहिला कचरा २६ मार्च १९९९ रोजी राज्यातल्याच लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतून आला आणि राज्याचा परवाना त्याच वर्षी अखेरीस निघाला. राज्याच्या हातातली दोरी ती एवढीच, आणि ती रसायनांच्या बाजूनं धरलेली. परवान्यातला प्रत्येक शब्द तिथे इतका जिवापाड जपला जातो त्याचं कारण हे आहे.

बदल म्हणजे नेमकं काय, याचा एक कडू धडा

मोजमापाच्या वादाआधी २०१४ ची घटना सांगितली पाहिजे, कारण २०१८ मध्ये सुनावणीला बसलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ती होती.

१४ फेब्रुवारी २०१४ च्या रात्री ११ वाजून १४ मिनिटांनी जमिनीखालच्या हवा-तपासणी यंत्रानं किरणोत्साराचा इशारा दिला. लॉस अलामोसहून आलेलं एक पिंप आतून तापून फुटलं होतं. थोडा किरणोत्सार वर, बाहेरच्या हवेपर्यंत पोचला. वीसहून अधिक कामगारांच्या शरीरात त्याचे अंश सापडले, प्रमाण कमी असलं तरी. जागा जवळजवळ तीन वर्षं बंद राहिली.

तपासात कारण सापडलं ते ऐकून आजही पोटात गोळा येतो. लॉस अलामोसमध्ये नायट्रेट क्षार असलेला कचरा पिंपात भरताना ओल शोषून घ्यायला मांजरांच्या मलपात्रात घालतात ती भुकटी वापरत. ती मातीची, खनिज असायला हवी होती. कामाच्या पद्धतीच्या कागदात कुठेतरी शब्द फिरला आणि गव्हापासून बनवलेली, सेंद्रिय भुकटी वापरात आली. नायट्रेट आणि सेंद्रिय पदार्थ एकत्र: दारूगोळ्याची जुनी कृती. ज्यांनी ती भुकटी बदलली त्यांच्या लेखी तो 'बदल' नव्हताच. पुरवठ्यातली एक किरकोळ वस्तू होती. म्हणून त्यासाठी कुणी परवानगी मागितली नाही आणि कुणी दिलीही नाही. डिसेंबर २०१४ मध्ये न्यू मेक्सिकोनं, विप ज्याच्या ताब्यात आहे त्या केंद्राच्या ऊर्जा खात्यावर, सुमारे ५.४ कोटी डॉलरचा दंड लावला, आणि पुढे तडजोडीत ऊर्जा खात्यानं त्याहून मोठ्या रकमेची, रस्ते आणि इतर कामं राज्यात करून द्यायचं कबूल केलं.

माझ्या कामात रोज येणारा प्रश्न हाच आहे. आपल्याकडेही २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी नव्यानं मंजुरी घ्यावी लागते, आणि कारखानदार आणि अधिकारी यांच्यातली निम्मी चर्चा 'हा विस्तार आहे का?' यावरच खर्च होते. विस्तार वाटत नाही असा बदल सर्वांत जास्त तपासून घ्यावा, हे मी विपच्या त्या पिंपावरून शिकलो.

पिंपात पिंप

आता मूळ वादाकडे. ५५ गॅलनचं एक पिंप डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे रंगाचं किंवा तेलाचं निळं पिंप असतं ना, तेवढंच, साधारण २०८ लिटरचं. त्यात कचरा भरलाय. पिंप जुनं आहे, कुठे पोचा आलाय, कुठे गंज चढलाय. ते तसंच हजारो किलोमीटर रस्त्यानं पाठवता येत नाही. म्हणून अशी दहा पिंपं एका मोठ्या पोलादी पात्रात ठेवतात. दोन थर, प्रत्येकी पाच पिंपं. या मोठ्या पात्राचं आकारमान सुमारे ४.५ घनमीटर. आतल्या दहा पिंपांचं मिळून सुमारे २.१ घनमीटर. मधल्या २.४ घनमीटरमध्ये काय आहे? गोल पिंपांच्या मधली पोकळी, हवा.

१९९९ पासून विपच्या परवान्यात हे पात्र ४.५ घनमीटर म्हणूनच मोजलं जात होतं. सगळ्यांत बाहेरचं पात्र, त्याचं आतलं आकारमान, तोच आकडा. चौकोनी पेट्यांचंही तसंच: १.८८ घनमीटरच्या पेटीत चार पिंपं बसतात, म्हणजे जेमतेम ०.८४ घनमीटर, पण वहीत १.८८.

ही पद्धत कुणी लबाडीनं घातली नव्हती. घातक कचऱ्याच्या कायद्यात साठवणीची जागा मोजायची तर जागा व्यापणारं पात्रच मोजायचं, हा साधा व्यवहार आहे. दालनात जागा अडते ती बाहेरच्या पात्रानं. जोवर बहुतेक कचरा सरळ ५५ गॅलनच्या पिंपांतच येत होता तोवर आत-बाहेर असा फरकही फारसा नव्हता. पण पिंपात पिंप येण्याचं प्रमाण वाढत गेलं तसा वहीतला आकडा फुगत गेला. २०१८ पर्यंत वहीनुसार विप निम्म्याहून जास्त भरलं होतं.

आणि त्याच सुमारास दारात नवे पाहुणे उभे होते. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकी संसदेच्या हिशोब-तपासणी कार्यालयानं अहवाल दिला, की अतिरिक्त प्लुटोनियम पातळ करून विपमध्ये पुरण्याची जी योजना आहे तिच्यासह नियोजित सगळा कचरा ठेवायला इथे जागाच उरणार नाही. शस्त्रांतून मोकळं झालेलं ३४ टन प्लुटोनियम साउथ कॅरोलायनातल्या कारखान्यात इंधन म्हणून रूपांतरित व्हायचं होतं. तो कारखाना खर्चाखाली दबून मोडकळीला आला होता. मग ते प्लुटोनियम जाणार कुठे? बोट मिठाकडे दाखवलं जात होतं.

अर्जाचं शीर्षक

३१ जानेवारी २०१८ रोजी ऊर्जा खातं आणि जागा चालवणारी कंत्राटदार कंपनी, न्यूक्लिअर वेस्ट पार्टनरशिप, यांनी पर्यावरण खात्याकडे परवाना-बदलाचा अर्ज केला. अर्जाच्या शीर्षकात शब्द होता 'स्पष्टीकरण': मोजमापाच्या नोंदीचं स्पष्टीकरण. म्हणजे अर्जदाराच्या मते परवान्यात काही बदलत नव्हतंच. कायद्यात 'कचरा' म्हटलंय, पिंपामधली हवा हा कचरा नाही, तेव्हा ६२ लाख घनफुटांची मर्यादा मोजताना आतल्या पिंपाचं आकारमान धरायला हवं, आणि आजवर चुकून बाहेरचं धरलं गेलं, एवढीच त्यांची मांडणी.

मंजूर झालं असतं तर परिणाम असा: पुरून झालेल्या कचऱ्याचा वहीतला आकडा सुमारे ३० टक्क्यांनी खाली. एकही पिंप न हलवता.

प्रामाणिकपणे सांगायचं तर तांत्रिक बाजूनं ही मांडणी पोकळ नाही. हवेला कचरा म्हणून मोजणं विचित्रच आहे. आणि त्यातून एक विकृत प्रोत्साहनही तयार होतं: जीर्ण पिंपाभोवती दुसरं मजबूत पात्र घालणं सुरक्षित असतं, पण हिशोबात ते महाग पडतं. सुरक्षिततेची शिक्षा होऊ नये, हा मुद्दा मला पटतो.

तरीही तो मार्केट यार्ड डोळ्यांपुढे येतो. जवळजवळ वीस वर्षं, हजारो खेपा, एकाच मापानं लिहिल्या. त्या मापावर विसंबून राज्यानं परवाने दिले, २०१० मध्ये नूतनीकरण केलं, लोकांना सांगितलं की एवढं आलंय आणि एवढंच येणार आहे. आता जागा कमी पडायची वेळ आली तेव्हा माप चुकलं होतं असा शोध लागला.

तीन वर्ग

बाकीचं प्रकरण समजायचं तर अमेरिकी घातक-कचरा नियमांतल्या परवाना-बदलांची वर्गवारी माहीत हवी. ती मला अतिशय उपयुक्त वाटते.

पहिल्या वर्गात किरकोळ फेरफार. संपर्काचा फोन नंबर, टंकलेखनाची चूक, एका यंत्राच्या जागी तशाच दुसऱ्याची जोडणी. काहींना आधी मंजुरी लागते, बहुतेकांना नुसती सूचना पुरते. दुसऱ्या वर्गात मधल्या वजनाचे बदल. त्यावर ६० दिवस हरकती-सूचना मागवायच्या, एक जाहीर सभा घ्यायची, खात्यानं ९० दिवसांत निर्णय द्यायचा, फार तर आणखी ३० दिवस घ्यायचे. आणि इथे एक बोचणारी तरतूद आहे: १२० व्या दिवसापर्यंत खातं गप्प बसलं तर अर्जदाराला १८० दिवसांची तात्पुरती परवानगी आपोआप मिळते. अधिकाऱ्याच्या टेबलावर फाइल पडून राहिल्याचा फायदा अर्जदाराला.

तिसरा वर्ग जड बदलांचा. त्यात खात्याला परवान्याचा मसुदा काढून जाहीर करावा लागतो, लेखी हरकती घ्याव्या लागतात, आणि न्यू मेक्सिकोत विरोध टिकून राहिला व मागणी झाली तर साक्षी-उलटतपासणीसह रीतसर सुनावणी होते. शपथेवर बोलावं लागतं. समोरच्याला प्रश्न विचारता येतात. माझ्या मते फरक तिथे पडतो. जाहीर सभेत नागरिक तीन मिनिटं बोलतो आणि घरी जातो. उलटतपासणीत अर्जदाराच्या अभियंत्याला आकडा कुठून आला ते सांगावं लागतं.

ऊर्जा खात्यानं अर्ज केला दुसऱ्या वर्गात.

हरकती आल्या त्या ढिगानं. अल्बुकर्कीचं साउथवेस्ट रिसर्च अँड इन्फर्मेशन सेंटर आणि सांता फेचं न्यूक्लिअर वॉच न्यू मेक्सिको या दोन संस्था पुढे होत्या. त्यांची मागणी आधी बदल फेटाळण्याची होती, आणि ते होत नसेल तर निदान तिसऱ्या वर्गात न्यायची. नियमात खात्याला तशी मुभा आहे: लोकांची लक्षणीय चिंता दिसली किंवा विषय गुंतागुंतीचा असला तर दुसऱ्या वर्गातला अर्ज तिसऱ्या वर्गाच्या प्रक्रियेत ढकलता येतो. चार महिने पुरे झाले त्या सुमारास, १ जून २०१८ रोजी, खात्यानं तेच केलं.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही एक पायरी. शेवटचा निर्णय काय लागला त्याहून जास्त. १ जूनच्या त्या पत्रानं एवढं मान्य झालं, की माप बदलणं हा बदल आहे. शीर्षकात 'स्पष्टीकरण' लिहिलं म्हणून तो स्पष्टीकरण होत नाही. आपल्याकडच्या संमतीपत्रांच्या फेरफारांत अर्जदारानं लावलेली चिठ्ठी काढून आतला माल बघणारा अधिकारी मला क्वचित भेटला, आणि भेटला तेव्हा त्याच्याबद्दल आदरच वाटला.

कार्ल्सबाडमधले तीन दिवस

ऑगस्टमध्ये खात्यानं मसुदा काढला. त्यात एक मधला मार्ग होता. दोन स्वतंत्र आकडे ठेवायचे. घातक-कचरा परवान्यासाठी, म्हणजे प्रत्येक पॅनेलमध्ये किती ठेवता येईल ते ठरवायला, बाहेरच्या पात्राचं आकारमान जसंच्या तसं राहील. आणि १९९२ च्या कायद्यातली एकूण मर्यादा मोजायला दुसरा आकडा, आतल्या पिंपाचा, वेगळा लिहायचा. पहिला आकडा राज्याचा, दुसरा केंद्राच्या कायद्याचा. दालनाच्या भिंतींना हवा आणि कचरा सारखाच, म्हणून तिथे बारदान धरायचं. कायद्यात कचरा म्हटलंय, म्हणून तिथे वजा करायचं.

सुनावणी २३ ते २५ ऑक्टोबर २०१८ अशी तीन दिवस कार्ल्सबाडला झाली. गावातले बरेच लोक बदलाच्या बाजूनं बोलले. ते समजण्यासारखं आहे. या गावासाठी विप म्हणजे नोकऱ्या, कामगारांची घरं, मुलांच्या शाळा. खाणीत काम केलेल्या पिढ्यांना जमिनीखालच्या कामाची भीती वाटत नाही, आणि २०१४ नंतरचे तीन वर्षांचे बंद दिवस त्यांनीच सोसले होते. बाहेरून आलेल्या विरोधकांना 'तुम्हाला इथलं काय माहीत' असं वाटणं स्वाभाविक होतं. विरोधकांचा प्रश्नही तितकाच खरा होता: मर्यादा ही गावाशी नव्हे, सबंध राज्याशी केलेली बोली आहे, आणि ती मोडायची असेल तर काँग्रेसकडे जा, कायदा बदलून आणा. परवान्याच्या कागदात व्याख्या फिरवून ते करू नका.

त्याच ऑक्टोबर महिन्यात साउथ कॅरोलायनातल्या त्या इंधन कारखान्याचं कंत्राट रद्द झालं. ३४ टन प्लुटोनियमचा दुसरा रस्ता बंद झाला. सुनावणीच्या खोलीत बसलेल्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायची गरज नव्हती.

निकाल आला २१ डिसेंबर २०१८ रोजी. पर्यावरण सचिव बुच टॉन्गेट यांनी बदल मंजूर केला. राज्यात सत्तांतर ठरलेलं होतं. १ जानेवारीला नव्या गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम शपथ घेणार होत्या. सुनावणीला दोन महिनेही झाले नव्हते आणि नवं सरकार यायला अकरा दिवस उरले होते. निर्णय बेकायदा होता असं मी म्हणत नाही. पण हजारो वर्षं टिकणाऱ्या कचऱ्याबद्दलचा निर्णय जाणाऱ्या सरकारनं नाताळाच्या तोंडावर द्यावा, हे मला खटकतं. ज्यांना या निर्णयाची उत्तरं पुढे द्यायची होती त्यांच्या हाती तो जाऊ द्यायला हवा होता.

दोन्ही संस्था राज्याच्या अपील न्यायालयात गेल्या. २०२१ मध्ये न्यायालयानं खात्याचा निर्णय कायम ठेवला. कागदावर बारदान वजा झालं.

पुढचा अर्ज, पुढची दोरी

इथे थांबलं असतं तर हे हरलेल्या लोकांचं प्रकरण झालं असतं. पण परवाना ही जिवंत वस्तू आहे, तिला मुदत असते.

मोजमापाच्या डिसेंबर २०१८ च्या निकालानंतर आठच महिन्यांत, ऑगस्ट २०१९ मध्ये, ऊर्जा खात्यानं पाचव्या उभ्या बोगद्याचा, शाफ्टचा, अर्ज केला. २०१४ च्या स्फोटानंतर हवा खेळती ठेवणं अवघड झालं होतं, म्हणून नवा शाफ्ट हवा, असं कारण. अर्जाचा निकाल लागायच्या आत, एप्रिल २०२० मध्ये, पर्यावरण खात्यानं १८० दिवसांची तात्पुरती परवानगी दिली आणि खोदकाम सुरू झालं. सुनावणी व्हायच्या आधी खड्डा पडायला लागला तर सुनावणी कशाची घ्यायची, असा प्रश्न लोकांनी केला. नोव्हेंबरमध्ये ती परवानगी वाढवून मागितली गेली तेव्हा खात्यानं ती नाकारली. लोकांच्या हरकती आणि जागेवर वाढत चाललेली कोविडची लागण, ही कारणं होती. काम थांबलं, सुनावणी झाली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये शाफ्टला मंजुरी मिळाली. उशीर झाला खरा. पण खोदायच्या आधी विचारायचं, हा क्रम पाळला गेला.

मग आलं नूतनीकरण. दहा वर्षांचा परवाना २०२० च्या अखेरीस संपला होता आणि नवा होईपर्यंत जुनाच चालू ठेवला होता. डिसेंबर २०२२ मध्ये मसुदा निघाला. अकराव्या आणि बाराव्या पॅनेलची मागणीही त्यातच होती. या वेळी सचिव होते जेम्स केनी, आणि मसुद्यात नव्या अटी होत्या ज्या ऊर्जा खात्याला अजिबात नको होत्या. सुनावणीऐवजी २०२३ च्या उन्हाळ्यात सगळे पक्ष, मोजमापाच्या निकालाविरुद्ध न्यायालयात गेलेल्या संस्थांसह, टेबलाभोवती बसले आणि तडजोड झाली.

नवा परवाना ३ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला. अकरावं आणि बारावं पॅनेल मिळालं. त्या बदल्यात काय मिळालं ते पाहा. लॉस अलामोसमध्ये दशकानुदशकं पडून असलेल्या जुन्या कचऱ्याला प्राधान्य द्यावं लागेल. नव्या शस्त्रकामातून निघणाऱ्या कचऱ्यानं जागा खाऊन टाकली असं होऊ द्यायचं नाही. दुसऱ्या एखाद्या राज्यात अशीच जागा शोधण्याचं काम कुठवर आलं, याचा अहवाल ऊर्जा खात्यानं दरवर्षी द्यायचा. आणि काँग्रेसनं १९९२ च्या कायद्यातली ६२ लाख घनफुटांची मर्यादा वाढवली, तर हा परवाना रद्द होईल.

ही शेवटची अट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीत सरसावून बसलो. २०१८ मध्ये वाद होता माप कसं मोजायचं त्याचा, आणि त्यात राज्यातले लोक हरले. २०२३ मध्ये त्यांनी माप सोडून दिलं आणि आकड्यालाच खुंटी ठोकली. आत मोजा, बाहेर मोजा. ६२ लाखांच्या पुढे गेलात तर परवानाच राहणार नाही.

आता मिठाच्या थरात नवं पात्र उतरतं तेव्हा वहीत त्याच्यापुढे दोन आकडे पडतात. दहा पिंपांच्या त्या मोठ्या पात्राचे, पॅनेलच्या खात्यात ४.५ आणि कायद्याच्या खात्यात २.१. वडिलांनी त्या सकाळी यार्डात पट्टीच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं तेच केलं होतं: एका रकान्यात गोणीसकट वजन, दुसऱ्यात बारदान वजा जाता. पट्टी घडी घालून त्यांनी खिशात ठेवली आणि पुढच्या बाजाराला ती बरोबर आणली.